आई शांत होती ती वर्षं

आमच्या घरी आजारी पडायची सोय नव्हती. बाबा डॉक्टर, तेही भूल देणारे, आणि बाबांचे झाडून सगळे मित्र डॉक्टर. शनिवारी जेवायला माणसं जमली की हृदय, हाडं, डोळे, मूत्रपिंड असे सगळे अवयव आपापले तज्ज्ञ घेऊन पंगतीला बसलेत असं वाटायचं. अशा घरातल्या माणसाने जीपीकडे, म्हणजे वस्तीतल्या सरकारी डॉक्टरकडे, अपॉइंटमेंट घ्यायची म्हणजे बाबांना कमीपणा. "घरात विहीर असताना नळावर कशाला जायचं?" असं ते म्हणायचे. ताप आला की बाबा पॅरासिटामॉल द्यायचे आणि ताप नसला की म्हणायचे, "काही झालेलं नाही, शाळेत जा." मला कांजिण्या झाल्या तेव्हा आमटीचे हात धुऊन काका लोक ओळीने माझी पाठ बघून गेले होते, आणि कांजिण्याच आहेत यावर त्यांचं एकमत व्हायला श्रीखंड संपावं लागलं. आज मला त्याचं हसू येतं. त्या दिवसांत मात्र मला वाटायचं, आपल्यासारखं सुरक्षित घर अख्ख्या बर्मिंगहॅममध्ये दुसरं नसेल.

माझी आई सातारची. आवाज असा की तिने स्वयंपाकघरातून "मंजेऽऽ" म्हटलं की बस स्टॉपवरच्या गोऱ्या बायका माना वळवायच्या. आमचं घर एकाला एक चिकटलेल्या घरांच्या रांगेतलं, भिंत पातळ. पलीकडच्या मिसेस हॉज मला म्हणायच्या, "तुझी आई घरी असली की मला रेडिओ लावावा लागत नाही." आई भांडायची मनापासून, हसायचीही मनापासून, आणि दोन्हींत फार अंतर नसायचं. दूधवाल्याशी ती इंग्रजीत भांडायला सुरुवात करायची आणि रंगात आली की मराठीत शिरायची. त्यालाही सवय झाली होती, तो "येस लव्ह, येस लव्ह" करत उभा राहायचा. तिच्या हातची वांग्याची भाजी इतकी झणझणीत असायची की बाबा कपाळावरचा घाम पुसत जेवायचे आणि पुन्हा वाढ म्हणायचे. ही आई मला सात वर्षं मिळाली. मग रेवा जन्मली.

रेवाच्या वेळी आईला फार रक्तस्राव झाला. किती ते मला तेव्हा कुणी सांगितलं नाही, पण बाबा हॉस्पिटलमधून घरी आले ते कोट न काढता जिन्यावर बसून राहिले, हे मी पाहिलं. रक्ताच्या बाटल्यांवर बाटल्या चढवून आईला वाचवलं. ती घरी आली ती पांढरीफटक होऊन. दूध काही येईना. पुण्याहून आत्याने येणाऱ्या कुणाच्या तरी हातून अळीव आणि डिंक पाठवला, पाटणकर काकू रोज अळिवाची खीर करून आणायच्या, आई मुकाट्याने खायची, तरी दूध नाही ते नाहीच. बाळाला तपासायला घरी येणारी नर्स, हेल्थ व्हिजिटर, म्हणाली, त्यात काय, बाटलीने पाज, आम्ही सगळे बाटलीवरच वाढलो. विषय तिथेच मिटला. आणि त्या खिरीच्या वाटीबरोबर आईचा आवाजही कुठे गेला, कुणाच्या लक्षातच आलं नाही.

खरं सांगायचं तर लक्षात आलं होतं, पण त्याचं कौतुक झालं. "मालती वहिनी किती शांत झाल्या हो!" असं सगळे म्हणायचे. आई चिडेनाशी झाली. दूधवाल्याने आंबलेलं दूध दिलं तर ती ते निमूटपणे ओतून टाकायची. साडीवर एक कार्डिगन, त्यावर दुसरं कार्डिगन, पायात बाबांचे मोजे, आणि गॅस फायरच्या शेकोटीपुढे ती बसल्या जागी झोपायची. जुलैतसुद्धा! भुवया विरळ झाल्या, चेहरा मेणासारखा गुळगुळीत झाला. स्वयंपाक करायची, पण चव घेऊन बघायची नाही, वांग्याची भाजी आता कुठल्याही इंग्रज माणसाला चालली असती. बाबा मित्रांना सांगायचे, "इंग्लंडने हिला माणसाळवलं बघा." सगळे हसायचे, आईही हळूच हसायची. मला त्या हसण्याचा राग यायचा. माझी आई कुणीतरी नेली आणि तिच्या जागी तिची चुलत बहीण आणून बसवली, असं मला वाटायचं, आणि हे कुणाला सांगावं तेही कळायचं नाही. रेवाला यातलं काही ठाऊकच नव्हतं. तिला ही एवढीच आई माहीत होती, मऊ, गार हातांची, पेंगणारी.

आता मंडळाबद्दल सांगते, कारण त्यावाचून पुढचं कळायचं नाही. आमचं मराठी मंडळ दरवर्षी एका शाळेचा हॉल घेऊन गौरी-गणपती करायचं. घराघरांत कुणी काही पाळत नसे. बाबा तर अभिमानाने सांगायचे, "आमच्याकडे असलं बाजूला बसणं वगैरे काही नाही." पण मंडळाचा नैवेद्य म्हटला की बायकांना आतून भीती वाटायची. कुणी बोलून दाखवायचं नाही, पण आदल्या आठवड्यात फोन सुरू व्हायचे. "अहो वहिनी, मला नेमकी अडचण आलीय, पुरण तुम्ही घालाल का?" अडचण म्हणजे पाळी, हे मला पुढे कळलं. यंदा देशपांडे वहिनींना अडचण, पुढच्या वर्षी पाटणकर काकूंना. अशा वेळी सगळ्या जणी एकच नाव घ्यायच्या. "मालती वहिनींना सांगा. त्यांना कधी अडचण नसते." दरवर्षी गौरीचा नैवेद्य आईच करायची. बायका म्हणायच्या, देवीच तिला बोलावते.

मी चौदा वर्षांची झाले त्या वर्षी मलाही न्हाण आलं होतं, आणि गणपतीच्या तयारीला हॉलवर गेले तर पाटणकर काकूंनी मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, "मंजू, तू ठीक आहेस ना गं? नसशील तर खुर्च्या मांड, आत येऊ नकोस." मी अशी तापले! खुर्च्या मांडता मांडता मनात हिशोब घातला, की या सगळ्या बायका कधी ना कधी बाहेर बसतात, मग माझीच आई कशी नाही? घरी येऊन मी आईला सरळ विचारलं. आई गॅस फायरपुढे रेवाचे मोजे घडी घालत होती. म्हणाली, "असतं एकेकीचं."

"पण कधीच नाही?"

"रेवा झाल्यापासून नाही. लवकर गेली असेल. माझ्या मावशीचीही लवकर गेली होती." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाबांना सांगत बसू नकोस. लाज वाटते."

तिला तेव्हा पस्तिशीही गाठायची होती. मी चौदा वर्षांची, मला पस्तीस म्हणजे म्हातारपणच वाटायचं. मी गप्प बसले.

त्याच्या महिनाभर आधी करंदीकर काकांनी आईचं रक्त तपासलं होतं. हे बाबांचे सगळ्यात जवळचे मित्र, लॅबवाले. जेवायला आले असताना आईच्या सुजलेल्या चेहऱ्याकडे बघत म्हणाले, "वहिनी, उद्या हातात सुई टोचून घ्या बरं." दोन दिवसांनी फोन आला, थायरॉइड कमी आहे. बाबा आनंदाने जवळजवळ उड्याच मारायला लागले. दुखणं सापडलं! इतकी वर्षं शांत झाली शांत झाली म्हणत होतो ती थायरॉइड होती! त्यांनी घरच्या घरीच थायरॉक्सिनच्या गोळ्या सुरू केल्या. थोडे दिवस आई खरंच जरा जागी झाली. एकदा तर ती टीव्हीतल्या माणसाला "गप रे" म्हणाली आणि मी आनंदाने रेवाला उचलून फिरवलं. पण पुढच्या आठवड्यात तिला उलट्या सुरू झाल्या, उठलं की चक्कर, अन्नावरची वासना गेली. बाबा म्हणाले, शरीराला सवय व्हायला वेळ लागतो, आणि डोस वाढवला.

गौरी जेवणाच्या दिवशी दुपारी, हॉलच्या स्वयंपाकघरात, पुरणाचं पातेलं उतरवता उतरवता आई खाली बसली. बसली म्हणण्यापेक्षा पाय दुमडले तिचे. मी पलीकडे काकडी चोचवत होते. तिचा हात धरला तर तो बर्फाच्या गोळ्यासारखा गार आणि घामाने ओला. "आई! आई गं!" तिने डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं, आणि मला तिच्या बहिणीच्या नावाने हाक मारली. ही जाते की काय, हेच एक मनात. हॉलमध्ये डॉक्टरांना काय तोटा? बघता बघता आईभोवती सोवळी नेसलेले, कुर्ते घातलेले, गंध लावलेले डॉक्टर जमले. एकाने नाडी धरली, एकाने पापणी उघडली, एक म्हणाले साखर कमी असेल, दुसरे म्हणाले हार्ट, तिसरे म्हणाले उपास केला असेल. शेवटी पाटणकर काकू गरजल्या, "अहो, चर्चा पुरे! नाइन-नाइन-नाइन फिरवा, अँब्युलन्स बोलवा कुणीतरी!"

हॉस्पिटलमध्ये आम्हाला भेटल्या त्या डॉक्टर मॉरिसन, ग्लासगोच्या, उंच, केस पुरुषासारखे कापलेले, बोलणं इतकं स्कॉटिश की बाबांनाही "पार्डन?" म्हणावं लागायचं. आईचं ब्लड प्रेशर खाली, साखर खाली, रक्तातलं मीठ खाली. त्यांनी एकेक प्रश्न विचारायला सुरुवात केली आणि बाबा डॉक्टरी थाटात उत्तरं देत होते. मी पलंगाच्या पायथ्याशी आईचे मोजे घातलेले पाय धरून उभी होते. बाईंनी विचारलं, बाळंतपणात रक्त गेलं होतं? बाबा म्हणाले, हो, बरंच. बाळाला अंगावर पाजलं? नाही, पण आजकाल कोण पाजतं. पाळी नियमित?

"येस, ऑफ कोर्स," बाबा म्हणाले.

खोटं बोलत नव्हते ते. त्यांना खरंच तसं वाटत होतं. घरात काही पाळायचंच नाही, म्हणून त्यांना काही दिसायचंच नाही. दिवसरात्र ड्यूट्या, आई बोलायची नाही, आणि त्यांनीही कधी विचारलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. आणि मला एकदम आठवलं ते आईचं "लाज वाटते". मराठीत हे वाक्य बाबांसमोर माझ्या तोंडून सात जन्मांत निघालं नसतं. पण विचारलं होतं इंग्रजीत, आणि शाळेत आम्ही मुली त्या भाषेत याबद्दल रोजच बोलायचो. मी म्हणाले, "नो, डॅड. शी डझन्ट. नॉट सिन्स रेवा वॉज बॉर्न. एव्हरीबडी अॅट द मंडळ नोज."

बाबा माझ्याकडे बघतच राहिले. कान लाल झाले होते त्यांचे, माझेही. डॉक्टर मॉरिसननी पेन खाली ठेवलं आणि मला विचारलं, "हाऊ डू दे नो, हेन?" हेन म्हणजे बाळ, ग्लासगोत तसं म्हणतात. मग मी त्यांना सगळं सांगितलं, पुरण, फोन, अडचण, खुर्च्या मांडणं, आणि दूध आलं नव्हतं तेही, अळिवाच्या खिरीसकट. ऐकता ऐकता त्या नर्सकडे वळल्या, नळ्यांमध्ये रक्त काढून घ्यायला सांगितलं, आणि निकालाची वाट न बघता लगेच हायड्रोकॉर्टिझोनचं इंजेक्शन द्यायला लावलं. मग बाबांना अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "हिचा थायरॉइड ठीक आहे, डॉक्टर. त्याला काम करायला कुणी सांगतच नाहीये."

बाबा खुर्चीवर बसले. त्यांना कळलं होतं. मला कळायला पुढचे काही दिवस लागले. बाबांनीच समजावलं, हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये, चहाचे पेले पुढे मांडून. मेंदूच्या खाली वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते, पिट्युटरी. मराठीत पीयूषिका. तिची काही संप्रेरकं अशी, की ती थेट शरीराचं काम करत नाहीत, दुसऱ्या ग्रंथींना कामाला लावतात. टीएसएच थायरॉइडला सांगतं, एसीटीएच मूत्रपिंडावरच्या अॅड्रिनल ग्रंथीला सांगतं, एफएसएच आणि एलएच बीजांडकोशांना सांगतात. आमच्या गल्लीतले मिस्टर हॉज मोटारीच्या कारखान्यात होते, म्हणून बाबा म्हणाले, "फोरमन स्वतः एक बोल्ट पिळत नाही, पण तो आला नाही की सगळी लाइन बंद." रेवाच्या वेळी रक्त एकदम गेलं, तेव्हा त्या वाटाण्याला रक्त पोचलं नाही आणि त्याचा बराचसा भाग मेला. दूध आणणारं संप्रेरकही तिथलंच, म्हणून दूध नाही, पाळी नाही, ऊब नाही, राग नाही. बाबांनी थायरॉक्सिन दिलं, शरीराचं यंत्र जोरात फिरायला लागलं, आणि होतं नव्हतं तेवढं कॉर्टिझोल, म्हणजे अॅड्रिनलचं जीव तगवणारं संप्रेरक, संपलं. आधी कॉर्टिझोन द्यायचं आणि मग थायरॉक्सिन, हा क्रम चुकला. "माझ्याच हाताने गं," बाबा म्हणाले आणि कॅन्टीनमध्ये सगळ्यांसमोर रडले. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. मी माझं बिस्किट त्यांच्या बशीत ठेवलं.

पुढे मी हॉस्पिटलच्या लॅबमध्येच नोकरीला लागले आणि उभं आयुष्य टीएसएच मोजत काढलं, याचं आता कुणाला नवल वाटू नये. या संप्रेरकांच्या नावांवरून आमच्या लॅबमध्ये वाद व्हायचे. अमेरिकन लोक त्यांना ट्रॉपिक म्हणतात, म्हणजे अमुक दिशेला वळणारी. आमचे जुने इंग्रज साहेब ट्रॉफिक म्हणायचे, म्हणजे पोसणारी. शास्त्राने आता अमेरिकनांच्या बाजूने कौल दिलाय, देऊ दे. मला इंग्रज साहेबांचंच पटतं. कारण सांगणारं कुणी उरलं नाही की ती दुसरी ग्रंथी नुसती गप्प बसत नाही, सुकत जाते. मी हे पुस्तकात वाचायच्या आधी गॅस फायरपुढे बसलेलं पाहिलं होतं. रेवा आता ग्लासगोला असते, नातवंडं सांभाळते. तिला पुष्कळ वर्षं वाटायचं, आपल्यामुळे आईला हे झालं. "तुझ्यामुळे नाही गं, रक्तामुळे," असं मी तिला अजूनही फोनवर सांगते. ती "हो हो" म्हणते, आणि पुढच्या खेपेला पुन्हा विचारते.

इंजेक्शनच्या दुसऱ्याच सकाळी आईने भूक लागली म्हणून सांगितलं होतं. टोस्ट खाल्ला, आणखी मागितला, आणि हे लोक मिरची का ठेवत नाहीत म्हणून विचारलं. पुढे निकाल आले ते डॉक्टर मॉरिसन म्हणाल्या होत्या तसेच, थायरॉइड कमी आणि त्याला हाक देणारं टीएसएचही कमीच. थायरॉइडचाच दोष असता तर टीएसएच आकाशाला भिडलं असतं. गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतील असं ठरलं. आईने त्या घेतल्याही, अगदी म्हातारी होईपर्यंत, सकाळच्या चहाबरोबर.

घरी आली त्या दिवशी बाबांनी घर लखलखीत करून ठेवलं होतं. आठवडाभर ते आणि मी मिळून स्वयंपाक करत होतो, म्हणजे करपवत होतो, आणि आई येणार म्हणून बाबांनी हौसेने सगळी भांडी तारेच्या घासणीने घासली. त्यात आईचा भाकरीचा बिडाचा तवाही. सातारहून तिने मांडीवर घेऊन आणलेला, वर्षानुवर्षं तेल पिऊन काळाभोर झालेला. तो बाबांनी घासून घासून पांढरा केला, आणि वर साबणाने धुतला. आई स्वयंपाकघरात गेली. आम्ही तिघं दारात, कौतुकाची वाट बघत.

"अहोऽऽ! हे काय करून ठेवलंत तुम्ही!"

भिंतीपलीकडून मिसेस हॉजचा रेडिओ बंद झालेला मला ऐकू आला.

"तवा आहे हा की ऑपरेशनचं भांडं? अहो, बारा वर्षं लागली मला याला असा करायला! आता माझी भाकरी सुटायची कशी, तुमच्या कपाळावर भाजू? लोकांना भूल देता देता स्वतःलाच घेतलीत का हो? सात वर्षं बायको बसल्या बसल्या झोपतेय घरात, आणि सगळे मेले डॉक्टर माझ्या हातचं गिळून जातात, एकाला तोंड उघडून विचारता येत नाही, बाई तुला काय होतंय म्हणून?"

तव्यावरून ती थेट तिथे पोचली, एका दमात, तवा हातात धरून. गालावर लाली चढली होती, पदर खोचलेला, कार्डिगन एकसुद्धा नाही. बाबा हात जोडून उभे, "चुकलं, चुकलं" म्हणत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते हसत होते. मीही रडत होते. इतका आनंद मला नंतर माझ्या लग्नातही झाला नाही, आणि हे आमच्या यांनाही ठाऊक आहे.

रेवा मात्र पहिल्याच आरोळीला टेबलाखाली जाऊन बसली होती. मी वाकून पाहिलं तर दोन्ही कानांवर हात. "ताई," ती तिच्या इंग्रजी वळणाच्या मराठीत कुजबुजली, "आई परत सिक झाला?"

"नाही गं. सिक होती तेव्हा गप्प होती. आता बरी झाली."

"मग हा कोण आहे?"

"ही आपली आई. खरी आई अशीच आहे. तू भेटली नव्हतीस तिला."

रेवाने टेबलाच्या पायाआडून आईला बराच वेळ न्याहाळलं. मग ती बाहेर आली, फ्रॉक झटकला, आणि घरी नवीन पाहुणे आले की करायला आम्हाला शिकवलं होतं तसं, आईच्या पुढ्यात जाऊन तिने हात जोडले आणि म्हणाली, "नमस्कार. मी रेवा."